वाटाड्याची मजुरी



फेस शहरात पहिल्याच दिवशी आम्ही तीनदा वाट चुकलो. मोरोक्कोच्या या जुन्या शहरात गाडी शिरत नाही. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला पाठ लावायची, एवढ्याच रुंदीच्या गल्ल्या. मागून कुणी 'बालक, बालक' म्हणत आलं की समजायचं, खेचर येतंय, बाजूला व्हा. खेचरावर कधी गॅसच्या टाक्या, कधी कातडी, कधी पुदिन्याच्या जुड्या. माझा धाकटा भाऊ कासाब्लांकाला नोकरीला आहे. त्याच्याकडे आम्ही नोव्हेंबरात तीन आठवडे गेलो होतो. मी, हे आणि कॉलेजात शिकणारी लेक. भावाला सुट्टी नव्हती, म्हणून फेसला आम्ही तिघंच आलो आणि मुंबईच्या गर्दीत वाढलेली आम्ही माणसं त्या गल्ल्यांत लहान मुलांसारखी हरवलो.

तिसऱ्यांदा हरवलो ते मात्र बरंच झालं, कारण समोर करवीन मशिदीचा दरवाजा आला. फातिमा अल-फिहरी या बाईने वारशात आलेला पैसा खर्चून इसवी सन ८५९ मध्ये ही मशीद बांधली, अशी तिची ओळख आहे. पुढे तिथे दर्स सुरू झाले, विद्यापीठ झालं, आणि जगातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांत आज त्याचं नाव घेतलं जातं. मोरोक्कोतल्या बहुतेक मशिदींत बिगर-मुस्लिम पर्यटकांना आत सोडत नाहीत. दारावरच्या म्हाताऱ्या चाचांनी आमच्याकडे पाहून एकच शब्द विचारला, "मुस्लिम?" यांनी सलाम केला, चाचांनी हात छातीवर ठेवला आणि वाट मोकळी केली. जोहरची नमाज आम्ही तिथे पढलो. शेजारच्या बाईंचे हात कयामात सरळ खाली सोडलेले पाहून लेक गोंधळली. इकडे मालिकी मजहब आहे, हे तिला बाहेर आल्यावर सांगितलं. आपण शाफई किंवा हनफी घरांत वाढतो, तेव्हा हात बांधण्याची आपली पद्धत हीच सगळ्या दुनियेची पद्धत असं आपल्याला वाटत असतं.

फेसमध्येच आणखी एक जुना माणूस मला आठवत होता. इब्न बतूता. माझे अब्बा शाळामास्तर. त्यांच्या कपाटात या प्रवाशाचं सफरनामा होतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ते आम्हाला त्यातल्या गोष्टी सांगायचे. १३०४ मध्ये टॅंजियरला जन्मलेला हा माणूस एकविशीत हजला म्हणून निघाला तो चोवीस वर्षं घराबाहेर फिरत राहिला. दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या दरबारी काझी झाला. तिथून चीनला वकील म्हणून निघाला तेव्हा आपल्या दौलताबादेहून आणि नंदुरबारहून गेला. दौलताबादचा किल्ला, तिथले कैदी, नंदुरबारची मराठी माणसं, त्यांचं जेवणखाण, सारं त्याने लिहवून ठेवलं आहे. हे लिहवण्याचं काम झालं ते याच फेस शहरात, सुलतान अबू इनानच्या हुकुमावरून. इब्न बतूता सांगत गेला, इब्न जुजय्य नावाचा कातिब लिहीत गेला आणि १३५५ च्या अखेरीस ग्रंथ पुरा झाला. त्याची शेवटची मोठी सफर वाळवंटातली होती. अब्बांनी सांगितलेली त्या सफरीतली एक गोष्ट पुढे माझ्या फार कामी आली. ती तिच्या जागी सांगते.

वाळवंट पाहायचंच, हा लेकीचा हट्ट होता. बाब बुजलूदच्या निळ्या दरवाजाजवळ एका दुकानात मर्जुगाच्या सफरीची पाटी दिसली. एक रात्र, दोन दिवस, येण्याजाण्याची गाडी, उंट, तंबू, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता. दुकानदाराने माणशी चौदाशे दिरहम सांगितले. तेव्हा एक दिरहम म्हणजे आपले आठ-नऊ रुपये होते. मी खुर्ची ओढून बसले. बहिणींनो, घासाघिशीत आपण कुणाला ऐकणार आहोत का? पाऊण तास लागला. दोनदा उठून दारापर्यंत गेले, दोनदा त्याने परत बोलावलं. शेवटी अकराशेवर सौदा ठरला. तिघांचे मिळून नऊशे दिरहम वाचवले. हे हसून म्हणाले, "बिचाऱ्याच्या पोटावर पाय दिलास." मी म्हटलं, "त्याच्या पोटाला काही होत नाही." ते खरंच होतं. त्या दुकानदाराच्या पोटाला काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गाडी निघाली. आमच्याबरोबर एक मलेशियन जोडपं आणि स्पेनच्या तीन मुली होत्या. फेस ते मर्जुगा हे अंतर साडेचारशे किलोमीटरहून अधिक आहे आणि वाटेत एकाच दिवसात चार मुलूख लागतात. आधी इफ्रान, उतरत्या छपरांची थंड हवेची वस्ती, हिवाळ्यात इथे बर्फ पडतो. मग अझरूचं देवदाराचं रान आणि त्यातली बिनशेपटीची माकडं. मग मध्य अ‍ॅटलासचा उघडाबोडका डोंगर आणि सफरचंदांचं गाव मिदेल्त. त्यापुढे झीझ नदीची घळ. घळ संपते आणि वळणावर गाडी थांबली की खाली खजुराचं रान दिसतं. दोन्हीकडे लाल, कोरडे कडे, आणि मधून हिरवा पट्टा दूरवर जातो. नदीचं पाणी आहे तेवढंच रान. या तफिलालत भागातलाच तो मजूल खजूर, जो आता रमजानात आपल्याकडेही डब्यातून येतो. इथल्या जुन्या लोकांनी डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शेतापर्यंत आणलं. त्याला 'खेत्तारा' म्हणतात. वरून पाहिलं तर वारुळांसारखे मातीचे ढीग एका ओळीत दिसतात, ती त्या बोगद्याची तोंडं.

वाटेत पेट्रोल पंपाला लागून नमाजची खोली होती. तिथे कसर पढून घेतली. दुपार कलल्यावर रिसानी गाव आलं. गावाबाहेर मातीच्या पडक्या भिंती दिसतात. गाडीवाल्याने बोट दाखवलं, "सिजिलमासा." मी दचकून पाहिलं. अब्बांच्या गोष्टीतलं गाव! इसवी सन ७५७ मध्ये वसलेलं हे शहर म्हणजे सहाराचं दार होतं. दक्षिणेकडून सोनं यायचं, आणि सांगायला जड जातं पण गुलाम म्हणून पकडलेली माणसंही यायची. मर्जुगाजवळच्या खामलिया गावात त्यांचे वंशज आजही राहतात. या सिजिलमासात इब्न बतूताने उंट विकत घेतले, चार महिन्यांचा चारा घेतला आणि फेब्रुवारी १३५२ मध्ये काफिल्याबरोबर तो दक्षिणेकडे निघाला. आता तिथे भिंतींचे तुकडे आहेत आणि त्यांच्या सावलीत शेळ्या.

मर्जुगाला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. गाव संपतं तिथेच वाळूचे डोंगर सुरू होतात. एर्ग शेब्बी त्यांचं नाव. सर्वांत उंच टेकडी दीडशे मीटरच्या आसपास. उतरत्या उन्हात वाळू जर्दाळूच्या रंगाची झाली होती. उंट ओळीने बसवलेले. त्यांच्यापाशी आमचा वाटाड्या उभा होता. पंचविशीचा, सडपातळ, अमाझिग जमातीचा. अंगात निळा झगा, पण झग्याच्या गळ्यातून जुना स्वेटर डोकावत होता. झगा आमच्यासाठी, स्वेटर थंडीसाठी. थोडी इंग्रजी, थोडी फ्रेंच, आणि आम्ही हिंदुस्तानी कळल्यावर शाहरुख खानचं नाव, एवढ्या भांडवलावर तो आमच्याशी बोलत होता. निघण्याआधी त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि खिशावर हात मारून दाखवला. फोन, पैसे, दवा, सगळं अंगावर. उंटाला काही बांधायचं नाही. 'दवा' हा शब्द त्याचाही तोच, आमचाही तोच, त्यामुळे समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

यांना गेली दहा वर्षं मधुमेह आहे. दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. पेन, सुया, साखर तपासायचं यंत्र, गोळ्या, सगळं एका निळ्या पाऊचमध्ये असतं आणि ते पाऊच प्रवासात माझ्याकडे असतं. खांद्यावरून घेतलं तर ते बुरख्यात अडकत होतं. मी ते खोगिराच्या दांडीला दोन गाठी मारून बांधलं. वाटाड्या तेव्हा मलेशियन बाईंना उंटावर बसवत होता. त्याने पाहिलं नाही.

उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो. आपण पुढे कोसळणार असं वाटतं, मग तो पुढून उठतो आणि आपण मागे जातो. लेक हसत होती, मी आयतुल कुर्सी पढत होते. मग चाल लागली. आम्ही उंटांवर आणि आमचा वाटाड्या पायी, पुढे दोरी धरून. चप्पल काढून हातात घेतलेली. वाळूत आवाज नसतो. टेकडीच्या धारेवरून चालताना एका बाजूला ऊन आणि एका बाजूला सावली. सूर्य बुडाला तसा तो थांबला, उंट बसवले, बाटलीतल्या पाण्याने आम्हाला वुजूपुरतं पाणी दिलं आणि स्वतः वाळूवर हात टेकून तयम्मुम केला. यांनी विचारलं, "पाणी आहे ना?" तो म्हणाला, "पाणी पिण्याचं आहे. तुम्ही पाहुणे." आम्ही पुढच्या घोटापुरतं ठेवून बाटली त्याला परत दिली आणि आम्हीही वाळूला हात लावला. मगरिबची ती तीन रकात मी विसरणार नाही. पाण्याला त्यांच्या भाषेत 'अमान' म्हणतात, हे त्याने तेव्हाच सांगितलं. आपल्या कानाला तो शब्द सुरक्षिततेचा. त्या जागी उभं राहिलं की दोन्ही अर्थ एकच वाटतात.

तंबूपाशी उतरलो तेव्हा अंधार पडला होता. मी दांडीला हात घातला. एक गाठ सुटलेली होती, दुसरी नव्हतीच. पाऊच नव्हतं.

त्या वेळी मला काय झालं ते लिहिणं अवघड आहे. यांनी शांतपणे विचारलं, "बॅगेत दुसरं पेन?" दुसरं पेन फेसच्या मुक्कामात, फ्रिजमध्ये. रात्री जेवण झालं की डोस घ्यायचा, सकाळी पुन्हा. परतीची गाडी गाठून दवाखाना असलेल्या गावी पोचायला उद्याची दुपार. एक रात्र बिनइन्सुलिनची गेली तर काय होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण तीन वर्षांपूर्वी एका लग्नात डोस चुकला होता आणि पहाटे यांना अतिदक्षता विभागात न्यावं लागलं होतं. तेव्हा घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर होता.

वाटाड्या उंटांचे पाय बांधत होता. लेकीने जाऊन सांगितलं. मला वाटलं, रागावेल. 'सांगितलं होतं ना' असं तरी म्हणेल. आपल्या घरात माझ्याकडून कुणी अशी चूक केली असती तर मी आधी तेच म्हटलं असतं. त्याने फक्त विचारलं, पाऊचचा रंग कोणता, आणि नमाजच्या थांब्यावर ते होतं का? मला आठवेना. लेक म्हणाली, होतं. मगरिबनंतर उंटावर बसताना तिचा हात त्याला लागला होता. म्हणजे शोधायची वाट अर्धी झाली. त्याने हवेत हात धरून वारा पाहिला. वारा वाढला तर उंटांच्या पावलांचे ठसे पुसतील, ठसे पुसले तर वाट नाही. डोक्याचा पटका आवळला, टॉर्च घेतला आणि आल्या पावली निघाला. त्याने जेवण केलं नव्हतं, चहासुद्धा घेतला नव्हता.

आम्ही तंबूत बसलो. मातीच्या झाकणाच्या भांड्यातलं ताजीन आलं, बटाटे, गाजर, कोंबडी. यांनी हात लावला नाही. डोस नाही म्हणून जेवण नाही. मग आम्हीही जेवलो नाही. मलेशियन बाई माझा हात धरून बसल्या. त्या अंधारात मला अब्बांची ती गोष्ट आठवली.

इब्न बतूताच्या काफिल्यात इब्न जीरी आणि इब्न अदी असे दोघे मामेआतेभाऊ होते. वाटेत त्यांचं भांडण झालं. इब्न जीरी रागाने मागे राहिला. मुक्काम पडला तेव्हा तो आला नाही. इब्न बतूताने इब्न अदीला सांगितलं, मसूफा जमातीचा एखादा माणूस मजुरीवर घे आणि ठशांवरून शोधायला पाठव. इब्न अदीने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी एक मसूफा माणूस मजुरी न घेता आपणहून निघाला. त्याला ठसे सापडले, कधी वाटेवर, कधी वाटेबाहेर. माणूस सापडला नाही. पुढे दुसरा काफिला भेटला. त्यांच्यातलेही काही हरवले होते. त्यांपैकी एक झुडपाखाली मेलेला आढळला, अंगावर कपडे, हातात चाबूक. पाणी तिथून मैलभरावर होतं. त्यानंतर आपण कधी काफिल्याच्या पुढे गेलो नाही की मागे राहिलो नाही, असं इब्न बतूता सांगतो.

त्याच सफरीतली दुसरी हकीकतही आहे. काफिला वलाता गावाजवळ येण्याआधी मसूफा जमातीच्या एका माणसाला एकट्याला पुढे पाठवत. त्याला 'तक्शीफ' म्हणत. तो गावात जाऊन पत्रं द्यायचा आणि गावकरी चार दिवसांच्या वाटेवर पाणी घेऊन सामोरे यायचे. तो एकटा माणूस वाटेत मेला तर गावाला कळत नसे आणि सगळा काफिला तहानेने मरे. इब्न बतूताच्या काफिल्याने त्या कामाचे शंभर मिस्काल सोनं दिलं. आणि त्यांचा वाटाड्या एका डोळ्याने आंधळा आणि दुसऱ्याने अधू होता, तरी वाट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती.

लहानपणी अब्बा विचारायचे, "इब्न जीरीला कुणी मारलं? वाळवंटाने की भावाने?" आम्ही मुलं म्हणायचो, भावाने. आज मी तंबूत बसले होते आणि माझ्या पर्समध्ये वाचवलेले नऊशे दिरहम होते.

इशाची नमाज झाली. नऊला पाच-दहा मिनिटं असतील. लेक बाहेरून ओरडली, "अम्मी, दिवा!" टेकडीच्या पलीकडून एक ठिपका हलत येत होता. पाऊचला वाळू लागली होती, चेन बंद होती, आत सगळं जागच्या जागी होतं. यांनी साखर तपासली, सुई घेतली आणि मग आम्ही सगळे जेवायला बसलो. वाटाड्यालाही बसवलं. त्याच्या तळपायाला काहीतरी टोचलं होतं, ते तो शेकोटीच्या उजेडात काढत होता.

जेवताना यांनी त्याला कामाबद्दल विचारलं. तो हातवारे करून सांगत गेला. दुकान फेसमध्ये, दुकानदाराचं. गाडी दुसऱ्याची. तंबू तिसऱ्याचा. उंटही त्याचे नाहीत. "मी चालतो फक्त," तो म्हणाला. हंगामात रोज मजुरी मिळते, उन्हाळ्यात काम नाही, कारण तेव्हा वाळवंटात पारा चाळिशीच्या पुष्कळ वर असतो. दुकानात गिऱ्हाईकाने भाव पाडला की काय होतं, असं मी विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, डिझेलचा भाव तोच राहतो, तंबूवाल्याचे पैसे तेच राहतात. पुढचं त्याने बोललं नाही.

रात्री घोंगड्या अंगावर घेऊनही थंडी वाजत होती. मला झोप आली नाही. मनात एक वाक्य घोळत होतं, 'मी चालतो फक्त.' आणि आठवत होता तो सफर, ज्यापासून आपलं हिजरी साल मोजलं जातं.

मक्केहून मदिनेला निघताना पैगंबर (स.) आणि हजरत अबू बकर (रजि.) यांनी अब्दुल्लाह बिन उरैकित याला वाटाड्या म्हणून मजुरीवर ठेवलं. तो मुसलमान नव्हता. दोन्ही सांडण्या त्याच्या हवाली केल्या आणि तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी ये असं सांगितलं. कुरैशांनी पकडून देणाऱ्याला शंभर उंटांचं इनाम लावलं होतं. एक शब्द बोलला असता तर तो श्रीमंत झाला असता. तो ठरल्या वेळी सांडण्या घेऊन आला आणि किनाऱ्याच्या वाटेने त्यांना घेऊन गेला. ही हकीकत आपण त्याच्या इमानदारीसाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण सहीह बुखारीत ती मजुरीच्या प्रकरणातही येते, हे आपल्या लक्षात राहत नाही. तिथे दोन बाजू आहेत. त्याने अमानत सांभाळली आणि त्याच्याशी मजुरी ठरवली गेली. फुकटात, उपकारात किंवा 'अल्लाह तुला देईल' असं सांगून त्याला नेलं नाही.

आपण मात्र बहुतेक वेळा एकच बाजू पाहतो. वाटाड्या इमानदार हवा, ड्रायव्हर वेळेवर हवा, उंटवाल्याने पाऊच शोधून आणावं. त्याला काय मिळालं, हे पाहणं आपलं काम नाही असं आपण धरून चालतो. आपण पैसे दुकानात दिलेले असतात, पावती खिशात असते. घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. पण ज्याचा घाम आपल्याला दिसत नाही, त्याचं काय?

पहाटे फजरनंतर टेकडीवर बसून सूर्योदय पाहिला. मग मी यांना म्हटलं, नऊशे दिरहम त्याचे आहेत. हे म्हणाले, "दे, पण खैरात म्हणून देऊ नकोस. खैरात दिलीस तर तुझंच मन मोठं होईल. त्याचं कामाचं आहे, कामाचं म्हणून दे." मी पैसे पाकिटात न घालता हातावर ठेवले आणि म्हटलं, ही रात्रीच्या कामाची मजुरी. तो नको म्हणाला नाही. त्याने नोटा मोजल्या, हात छातीला लावला आणि त्यातल्या काही नोटा वेगळ्या काढून स्वयंपाकाच्या तंबूकडे गेला. तिथे पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा भांडी घासत होता. नोटा त्याच्या हातात दिल्या. मी विचारलं, हा का? वाटाड्याने टेकडीकडे बोट केलं. रात्री दोन तास हा मुलगा कंदील घेऊन टेकडीच्या माथ्यावर उभा होता, परत येणाऱ्याला तंबू कुठे आहे ते दिसावं म्हणून. त्या थंडीत. आम्ही कुणीही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

वाचकहो, मोरोक्कोला सगळ्यांनाच जाता येतं असं नाही. पण उमरा आणि जियारतचे काफिले आता आपल्या प्रत्येक मोहल्ल्यातून निघतात. पाच हजार कुठे कमी आहेत ते आपण चार ठिकाणी विचारतो. विचारावं, पैसा मेहनतीचा असतो. पण त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारायला हवा: बसचा चालक, खोल्या झाडणारा, म्हाताऱ्यांच्या व्हीलचेअर ढकलणारा, जेवण वाढणारा, यांना तुम्ही काय देता आणि वेळेवर देता का? याला नीट उत्तर देणाऱ्याचा भाव थोडा जास्त असेल, तर तो जास्त भाव मला आता महाग वाटत नाही. अल्लाहच्या घरी जाण्याचा आपला खर्च कुणाच्या मजुरीतून कापलेला नसावा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आणि ज्यांचा मोरोक्कोचा बेत असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. व्हिसा आधी काढून ठेवा. वाळवंटासाठी ऑक्टोबर ते एप्रिल हे महिने बरे. दिवसा ऊन, रात्री कडाक्याची थंडी, लोकरी कपडे आणि मोजे हवेतच. फेसहून एका रात्रीची सफर फार धावपळीची होते, दोन रात्री काढता आल्या तर म्हातारी माणसंही जाऊ शकतात. उंटावर बसणं झेपणार नसेल तर तंबूपर्यंत जीपही जाते, त्यात कमीपणा नाही. खाणं हलाल, पाणी मात्र बाटलीबंद घ्या. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा आणि जे द्यायचं ते काम करणाऱ्याच्या हातात द्या. कंदील धरणाऱ्या मुलालाही.

आणि औषधं अंगावर ठेवा. वाटाड्याने सांगितलं की ऐका.

अल्लाह हाफिज. पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.